तुम्ही विचारलंत म्हणून: ती फिगर मी बदलून का मागितली नाही

म्हाताऱ्या तिरंदाजाची नवी रेझिन फिगर (प्लास्टिकसारखे रेझिन साच्यात ओतून केलेली, घरी रंगवायची छोटी मूर्ती) एवढी खटकली होती, तर ती बदलून का मागितली नाही, असे मला अनेकजण विचारतात; काहींच्या स्वरात, याला कुरकुरायला निमित्तच हवे असते, हेही ऐकू येते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

माझी तक्रार हवेच्या बुडबुड्यांची नाही. दोन घटकांचे पॉलियुरेथेन रेझिन मिसळून सिलिकॉनच्या साच्यात ओतले की कुठेतरी हवा अडकणारच, आणि ती छिद्रे पुटीने बुजवता येतात. वाकलेले धनुष्य मी गरम पाण्यात धरून सरळ केले, साच्याच्या जोडाची रेघ घासून काढली, आणि या कामांत नेहमीसारखा रमलोही.

त्यानंतर राखाडी प्रायमर (रंगाआधीचा पायाचा थर) मारला आणि दिवा बाजूने धरला. त्या म्हाताऱ्या तिरंदाजाच्या कपाळावर आणि गालाच्या उंचवट्यावर, नकाशातल्या डोंगराभोवती असतात तशा, एकात एक बसलेल्या बारीक रेषा उमटल्या होत्या. ७५ मिलिमीटरच्या फिगरचे डोके जेमतेम १० मिलिमीटर उंच असते. साचा ज्या मूळ प्रतीवरून केला, ती संगणकावरच्या शिल्पावरून थ्रीडी प्रिंटरने ०.०५ मिलिमीटरच्या थरांनी छापली असेल, तर तेवढ्यात सुमारे २०० थर येतात, आणि पृष्ठभागाचा उतार जिथे सौम्य, तिथे त्यांच्या पायऱ्या सर्वांत ठळक दिसतात. कपाळ मी बारीक पॉलिशपेपरने, पाणी लावून (रेझिनची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते), कसेबसे सारखे केले. डोळ्यांच्या कडेला मात्र हात थांबला, कारण तिथल्या सुरकुत्यांची खोली त्या पायऱ्यांहून फारशी अधिक नव्हती. पायऱ्या घालवायच्या तर सुरकुत्याही जाणार, आणि त्या मी पुन्हा कोरल्या, तर तो चेहरा त्या शिल्पकाराचा उरणार नाही. मी पैसे मोजले होते ते त्याच्या चेहऱ्यासाठी.

बुडबुडा हा एका ओतकामातला अपघात असतो, त्यामुळे दुसरी प्रत निर्दोष निघू शकते. पण सिलिकॉन बोटाचा ठसासुद्धा उचलते. मूळ प्रतीवरच्या पायऱ्या त्याने प्रत्येक प्रतीत इमानाने उतरवलेल्या असणार. बदलून मला तोच चेहरा मिळाला असता.

संगणकावर घडवलेल्या शिल्पांना नाक मुरडणाऱ्यांशी पूर्वी मीच वाद घातला होता, याची आठवण मला करून देण्याची गरज नाही. चेहरा मेणात घडला की पडद्यावर, याने फरक पडत नाही, असे मी म्हणत असे, आणि आजही ते मागे घेत नाही, कारण छापलेली मूळ प्रत साचा करण्यापूर्वी कोणी नीट घासली असती, तर हे लिहिण्याची वेळच आली नसती. तरीही, मेणावर सतत बोटे फिरवणाऱ्याच्या नजरेतून असा गाल सुटला असता का, हा प्रश्न मला सोडत नाही. त्याच शिल्पकाराच्या पुढच्या फिगरची पूर्वनोंदणी सुरू झाली आहे. तिचेही फक्त पडद्यावरचे चित्रच दाखवले आहे, आणि मी अजून होकारही कळवलेला नाही, नकारही नाही.