लायनिंग किती होतं तुमचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, कारण हा मेसेज मला महिन्यात दोन-तीनदा तरी येतोच, आणि बहुतेक रात्री अकरानंतर. "ताई, ट्रान्सफरच्या वेळी तुमचं लायनिंग किती होतं? माझं ६.८ वर अडकलंय." लायनिंग म्हणजे गर्भपिशवीच्या आतलं अस्तर, ते मिलिमीटरमध्ये मोजतात; आणि ट्रान्सफर म्हणजे आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबी) बाहेर तयार केलेला गर्भ पिशवीत सोडणं.

पहिल्या वेळी माझं ९.२ होतं. ट्रिपल लाइन, म्हणजे स्कॅनमध्ये अस्तराच्या तीन रेघा स्पष्ट, डॉक्टर खुश, सासूबाईंनी देवापुढे पेढे ठेवले. निगेटिव्ह आलं.

दुसऱ्या वेळी पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून अस्तर वाढवायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या, दिवसाला ६ मिलिग्रॅम, आणि दहाव्या दिवशी ६.१, तेराव्याला ६.४, सोळाव्याला ६.५, बस्स. सोनोग्राफीच्या टेबलावर मी श्वास धरून स्क्रीनकडे बघायचे, त्या दोन खुणा मॅडम कुठे ठेवतायत, जरा पलीकडे ठेवल्या तर सात होतील का. आणि खरंच, मोजणारा माणूस बदलला तरी आकडा थोडा हलतो, हे मला आधी कुणी सांगितलंच नाही, ०.३ साठी मी रात्र रात्र रडलेय हो.

बीट, डाळिंब सगळं खाल्लं. खायला हरकत काहीच नाही, पण त्याने अस्तर वाढतं असा भरवशाचा पुरावा नाही. पीआरपी (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स पिशवीत सोडतात), सिल्डेनाफिल (रक्तप्रवाह वाढवायचं औषध) हेही काही ठिकाणी देतात, त्याचेही रिझल्ट सगळ्यांना सारखे नाहीत, म्हणून पैसे भरायच्या आधी नीट विचारा.

अस्तर वाढलं नाही म्हणून ती सायकल, म्हणजे त्या वेळचा प्रयत्न, कॅन्सल झाली तेव्हा मला वाटलं आता सगळं गेलं. काही गेलं नव्हतं. गोठवलेला एम्ब्रियो, म्हणजे गर्भ, उणे १९६ अंशांवर लिक्विड नायट्रोजनमध्ये होता तसाच होता, त्याला घाई नव्हती, घाई मला होती.

मग डॉक्टर बदलले. नवीन मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, आधी कधी क्युरेटिंग, म्हणजे पिशवी आतून खरवडून साफ करणं, झालंय का? झालं होतं, चार वर्षांपूर्वी, मिसकॅरेजनंतर. आधीच्या ठिकाणी मी फॉर्मवर लिहिलेलं, पण त्यावर कुणी बोललंच नाही आणि मीही गप्प बसले. हिस्टेरोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने तपासल्यावर, पिशवीत आत चिकटलेलं दिसलं, ते सोडवलं. पिशवीच्या टीबीची तपासणीही केली, आपल्याकडे ती करतात कारण त्यानेही अस्तर वाढत नाही, माझी निगेटिव्ह आली. तिसऱ्या वेळी गोळ्या नाहीतच, नॅचरल सायकल, अंडं फुटल्यावर दिवस मोजून ट्रान्सफर. लायनिंग ७.३. लेक आता अडीच वर्षांची आहे.

पण म्हणून ७.३ ला होतंच असं धरू नका, जसं ९.२ ला झालं नाही. बहुतेक डॉक्टर सात-आठ तरी हवं म्हणतात, त्याखाली चान्स कमी होतो हे खरंय, पण संपत नाही, सहालाही बाळं झालीयत. तुमचं ६.८ आहे ना, मग वाढत का नाही हे डॉक्टरांना विचारा. क्युरेटिंग, जुनं इन्फेक्शन, पिशवीचं कुठलंही ऑपरेशन, सगळं तोंडाने सांगा, फॉर्मवर सोडू नका. थांबायचं की पुढे जायचं, तेही त्यांच्याशीच बोलून ठरवा.

रिपोर्टचे फोटो मला पाठवू नका, मला त्यातलं कळत नाही. पण स्कॅनच्या आदल्या रात्री झोप येत नसेल तर खुशाल फोन करा, लेक साडेअकराशिवाय झोपत नाही, मी जागीच असते.