तुम्ही विचारलंत म्हणून: मेडिकलवाली इंजेक्शन कशी काय देते?

सांगलीला आले की कोणी ना कोणी विचारतंच, आणि परवा व्हिडिओ कॉलवर काकूंनी परत विचारलं, "अगं तू तिकडे मेडिकलमध्येच आहेस ना, मग इंजेक्शनं कशी देतेस? डॉक्टर कुठे जातो?" म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

मी न्यू जर्सीत फार्मासिस्ट आहे. बी.फार्म. आपल्याकडचं, मग इकडच्या परीक्षा, इंटर्नशिपचे तास, ती रडकथा परत कधीतरी. पण बी.फार्म.ला आम्ही गोळ्या बनवायला शिकलो, टोचायला नाही. अमेरिकेतही हे काही पूर्वापार चालत आलेलं नाहीये. १९९४ मध्ये सिएटलला फार्मासिस्ट लोकांना लस द्यायला नीट शिकवायला लागले, १९९६ ला त्यांच्या राष्ट्रीय असोसिएशननं कोर्स काढला आणि सगळ्या ५० राज्यांत परवानगी मिळेपर्यंत २००९ उजाडलं. डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही आणि फार्मसी रविवारी पण उघडी, एवढं साधं गणित.

कोर्स २० तासांचा. १२ तास घरी वाचायचं, ८ तास वर्गात, सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबायची त्याचं, सर्टिफिकेट वेगळं. आणि शेवटी, हो, एकमेकांनाच टोचायचं! सलाईन भरून, दोन स्नायूत आणि एक कातडीखाली. माझा पार्टनर साठीचा गृहस्थ, तीस वर्षं काउंटरमागे काढलेला, आणि त्याचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते. मी सुई उचलली तर बाई म्हणाल्या थांब, आधी हाड शोध. खांद्याचं टोक बोटांनी चाचपायचं, तिथून दोन-तीन बोटं खाली, आणि तिथे काटकोनात, एका दमात. वर लागली तर सांध्यात जाते आणि माणसाला महिनोन्महिने हात वर करता येत नाही. लोक टी-शर्टचा गळा ओढून खांदा पुढे करतात ना, तेव्हाच हा घोळ होतो, म्हणून मी बाही वर करायला लावते, नाहीच झाली तर पडद्याआड शर्ट काढायला सांगते, लाजले तर लाजले. आणि पेशंट बसलेला असेल तर देणाऱ्यानं पण बसायचं, कारण उभं राहून दिलं की हात आपोआप वरच जातो. हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

खरं सांगू का, टोचणं एका सेकंदाचं काम, ते चार दिवसांत हातात बसतं. कस लागतो तो आधी आणि नंतर. आज ताप आहे का, आधी कुठल्या लशीनं अंगावर गांधी उठल्या होत्या का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का (असेल तर कापूस जरा जास्त वेळ दाबून धरायचा), दिवस गेलेत का. आणि नंतरची ती पंधरा मिनिटं, लस दिल्यावर पेशंटला बसवून लक्ष ठेवायची. एकजण फ्लूची लस घेऊन छान बडबडत बसला होता, बेसबॉल की काय, मी हो हो करत लेबलं चिकटवत होते, आणि अचानक तो गप्प झाला. वळून बघते तर ओठ पांढरे. खाली आडवं केलं, पाय उचलून धरले, दोन मिनिटांत बोलायला लागला. तेव्हापासून मला बडबड करणारे पेशंट आवडतात. ड्रॉवरमध्ये एपिनेफ्रिन असतं, लशीची जोरदार अ‍ॅलर्जी आली तर टोचायचं औषध, मोठ्या माणसाला ०.३ मिलिग्रॅम, आजवर फक्त एक्सपायरी बघायलाच बाहेर काढलंय.

काकूंचा पुढचा प्रश्न, मग आपल्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला पण देईल का गं? शिकवलं तर टोचेल हो, त्यात काय. पण काकू, त्याच्याकडे तुम्ही औषध घेता ते रस्त्यावर उभं राहून, पायरीवर एक पाय, मागून दुचाकीवाला हॉर्न मारतोय. लशीला लागतो तसा २ ते ८ डिग्रीचा फ्रिज आहे, पण लाइट गेली की त्याचं काय होतं हे कोण बघतं? आणि समजा हे पण जमवलं, तर पंधरा मिनिटं तुम्हाला बसवायचं कुठे? आधी त्याला एक खुर्ची ठेवायला सांगा.