साठ मिनिटांची कॅसेट, साठच मिनिटांत

कॅसेटमधली गाणी संगणकावर घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा येतो. कुठलं घ्यावं, फुकट मिळतं का, खरखर घालवतं का? खरं तर यातलं निम्म्याहून जास्त काम संगणक सुरू करण्याआधी, कापूस आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन करायचं असतं. उरलेलं काम म्हणजे बसून ऐकणं. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटं लागतात, एकोणसाठसुद्धा नाहीत. दुप्पट वेगानं वाजवून नंतर निम्म्यावर आणू, ही शक्कल ज्याला त्याला सुचते. पण त्यात वरचे स्वर डेकच्या (कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राच्या) आवाक्याबाहेर जातात आणि हाती येतं ते रजईखालून ऐकल्यासारखं गाणं.

फिलिप्सनं १९६३ साली ही कॅसेट आणली, तेव्हा तिच्याकडून संगीताची फारशी अपेक्षा नव्हती. बोललेलं टिपून ठेवता आलं म्हणजे झालं. ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेग, आणि तेवढ्यात दोन्ही बाजू मावायच्या. स्टिरिओमध्ये एकेका चॅनलच्या वाट्याला जेमतेम ०.६ मिलिमीटरचा पट्टा येतो. एवढ्याशा जागेत आख्खी मैफल बसली हेच नवल, म्हणून खरखरीला फार नावं ठेवू नयेत.

सगळ्यात आधी कॅसेट हातात घेऊन नीट पाहावी. मागच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे चौकोन असतात, ते शाबूत असतील तर मोडून टाकावेत. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी जुनं गाणं पुसलं जात नाही. हे काम लोक हमखास ‘नंतर’वर ढकलतात. पुढच्या बाजूला मधोमध धातूच्या पातळ पट्टीवर फेल्टचा एक बारका तुकडा असतो. फितीला हेडवर, म्हणजे डेकच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, हलकेच दाबून धरणं एवढंच त्याचं काम. जुन्या कॅसेटचा डिंक वाळतो आणि हा तुकडा आत कुठंतरी पडतो. मग आवाज येतो-जातो, दबतो, आणि आपण उगाच डेकला दोष देत बसतो. कवच पाच स्क्रूंचं असेल तर उघडून तुकडा परत चिकटवता येतो. चिकटवून बंद केलेलं कवच मात्र कडेनं जपून फोडावं लागतं आणि फितीची दोन्ही चाकं दुसऱ्या, स्क्रूंच्या कवचात बसवावी लागतात. तुटलेली फीत जोडायला साधी सेलोटेप कधीच वापरू नये. तिचा चिकटा कडांनी पाझरतो, शेजारच्या वेढ्याला लागतो आणि पुढे हेडवर जाऊन बसतो. फीत जोडायची खास पट्टी मिळते, तीच घ्यावी आणि हेडकडच्या नव्हे तर पाठीच्या बाजूनं लावावी.

वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्यावी. वेढे मोकळे होतात, फीत सारख्या ताणानं बसते. गाणं सुरू होण्याच्या क्षणभर आधी त्याची पुसट सावली ऐकू येते ना, ती शेजारच्या वेढ्याचं चुंबकत्व फितीत उतरल्यामुळे. गुंडाळण्यानं तीही थोडी कमी होते. १२० मिनिटांच्या कॅसेटला मात्र जपावं. तिची फीत जेमतेम ९ मायक्रॉन जाड असते (६० मिनिटांच्या कॅसेटची फीत हिच्या साधारण दुप्पट जाड), आणि रोलरभोवती गुरफटायला तिला निमित्तच हवं असतं.

आता डेक. हेड, त्याच्या शेजारची धातूची बारीक दांडी आणि रबरी रोलर, तिन्ही पुसायची. हेड आणि दांडीसाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी. काडीवर तपकिरी रंग येणं थांबेपर्यंत पुसावं; तो रंग म्हणजे जुन्या फितींची झड. रबराला अल्कोहोल वारंवार लावलं तर ते कोरडं पडतं, म्हणून तिथं किंचित साबणाचं पाणी लावून लगेच कोरडं करावं. रोलर चकाकत असेल किंवा कडक झाला असेल तर फीत घसरते आणि लांब खेचलेला स्वर थरथरतो. चाकं फिरवणारा आतला पट्टा सैल पडला तरी असंच होतं, आणि नवा पट्टा घालण्याखेरीज त्याला इलाज नाही.

यानंतरची गोष्ट बहुतेक जण करत नाहीत, आणि फरक नेमका तिथंच पडतो. हेडच्या एका बाजूला, बहुधा स्प्रिंगवर बसवलेला एक छोटा स्क्रू असतो. त्यानं हेडचा फितीशी असलेला कोन बदलतो. १०,००० हर्ट्झच्या स्वराची एक लाट या वेगानं धावणाऱ्या फितीवर पाच मायक्रॉनपेक्षाही कमी जागा घेते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. हेड रेसभर तिरकं असलं तरी झांजा, तारांची चमक, ‘स’ आणि ‘श’ सगळं विरून जातं. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचं हेड कसं होतं, ते आता कोण सांगणार? म्हणून दोन्ही चॅनल एकत्र, म्हणजे मोनो करून ऐकावं आणि गाणं चालू असताना स्क्रू एक-अष्टमांश फेऱ्यानं फिरवत जावं. एका जागी आवाज एकदम उजळतो. तिथं थांबायचं. पुढच्या कॅसेटला हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. बाजारात भरलेली एखादी चांगली कॅसेट बाजूला ठेवावी, म्हणजे शेवटी तिच्यावर स्क्रू पूर्वपदावर आणता येतो. डॉल्बीचं, म्हणजे डेकमधल्या खरखर कमी करणाऱ्या सोयीचं, बटणही हे झाल्यावरच. कॅसेट डॉल्बीनं भरली असेल तर ते चालू करावं, नाहीतर बंद. हेड तिरकं असताना डॉल्बी चालू केलं तर आधीच दबलेला आवाज आणखी दबतो.

तार डेकच्या लाइन आउटमधून, म्हणजे दुसऱ्या यंत्राला आवाज देण्याच्या जागेतून, काढावी. लॅपटॉपचं एकुलतं एक भोक बहुधा मायक्रोफोनसाठी असतं. ते मोनो असतं आणि त्याला काही मिलिव्होल्टची सवय असते. डेक त्याच्या शंभरपट जोरानं बोलतो, म्हणून आवाज फाटतो. लाइन इन असलेला साधा यूएसबी साउंड कार्ड घेतला की ही कटकट मिटते. तरीही खाली सतत ‘हूं’ ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. विजेची गुणगुण बहुतेकदा तिथूनच शिरते.

संगणकाच्या सेटिंगमधली आवाज ‘सुधारणारी’ सगळी कलमं बंद करावीत. ती बोलण्यासाठी बनलेली असतात. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा, असा त्यांचा समज, त्यामुळे तंबोऱ्याला ती पंख्यासारखं गिळून टाकतात! ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४४,१०० हर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ ठेवावं. रेकॉर्डिंगची पातळी सगळ्यात मोठ्या आवाजाला उणे ६ डेसिबलच्या आसपास जाईल अशी. शून्याला टेकून फाटलेला आवाज परत शिवता येत नाही, हळू आलेला मात्र केव्हाही वाढवता येतो. संगणक मध्येच झोपणार नाही याची सोय करावी, आणि दोन्ही बाजू भरून झाल्या की ती फाइल तशीच्या तशी वेगळी ठेवून द्यावी. साठ मिनिटांना साधारण ९५० एमबी लागतात. फ्लॅक या फाइल-प्रकारात बदलली की बरीच आटोपशीर होते आणि काही गमावतही नाही. पुढची सगळी चिरफाड तिच्या नकलेवर.

गाण्याची पट्टी, म्हणजे सूर, तपासून घ्यावी. डेक सहा टक्के जलद चालला तर पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये जातं आणि गायकाचा आवाज कोवळा होतो. पेटीवर सूर लावून पाहिलं की कळतं; मग वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय वापरायचा, नुसती पट्टी बदलणारा नाही.

खरखर काढताना सॉफ्टवेअरला नुसत्या खरखरीचा नमुना द्यावा लागतो, मग ते गाण्यातून ती वजा करतं. हा नमुना दोन गाण्यांमधल्या शांततेतून घेतात. शास्त्रीय गाण्यात तो तंबोरा सुरू व्हायच्या आधीचाच घ्यावा, नाहीतर वजाबाकीत तंबोराही जातो. खरखर सहा ते नऊ डेसिबल कमी केली की थांबावं. त्यापुढे खरखर जाते खरी, पण तिच्या जागी पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखा एक विचित्र चिवचिवाट येतो आणि आवाजातला श्वास नाहीसा होतो. थोडी खरखर कानाला दोन मिनिटांत सवयीची होते, चिवचिवाट कधीच होत नाही.

मग गाण्यांच्या खुणा करून तुकडे पाडायचे. खासगी रेकॉर्डिंग असेल तर मधली खाकरणी, पेटीची चाचपणी, ‘लावलंस का?’ असा कुणाचा तरी प्रश्न, हे कापण्याची घाई करू नये. फाइलला नाव देताना कॅसेटच्या पाठीवर जे लिहिलंय तेच, चुकीच्या शुद्धलेखनासकट लिहावं आणि कुठली बाजू तेही नोंदवावं. कव्हरचा फोटो त्याच फोल्डरमध्ये. कॅसेट पूर्ण गुंडाळून, स्पीकरपासून लांब, डबीत उभी ठेवावी.