वैकुंठला किती वाजता?

वानवडीत परवा भर दुपारी रिक्षावाल्यानं विचारलं, "छत्रीपाशी सोडू का?" मी म्हटलं, सोड. महादजी शिंदे १७९४ साली इथेच गेले, दहनही इथेच झालं, आणि आता तो आमचा उतरायचा थांबा.

मोठ्या माणसांना शब्दही भारदस्त मिळतात. आळंदीला ज्ञानेश्वर महाराजांची समाधी, तीही संजीवन. आगाखान पॅलेसच्या आवारात कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या. बाजीराव १७४० मध्ये गेले, त्यांची समाधी रावेरखेडीला, नर्मदेकाठी. त्याच वर्षी मस्तानी गेली. पाबळला तिची कोणी कबर म्हणतं, कोणी समाधी. मी आपला नुसतं 'मस्तानीचं पाबळ' म्हणतो. थडगं हा शब्द मात्र माझ्या तोंडून निघत नाही. ओल्या मातीवर फावडं आपटल्यासारखा वाजतो तो. खडकीच्या वॉर सिमेट्रीत त्या आखीव ओळींसमोर उभं राहून तो उच्चारून बघा.

आजीचं असलं काही नाजूक नव्हतं. "कुठं मसणात गेली ती सांडशी?" हे उठता-बसता. दूध उतू गेलं की तो मसण्या गॅस. पण तिन्हीसांजेला आमच्यापैकी कोणी हाच शब्द काढला की पाठीत धपाटा. वयाचा विषय निघाला की म्हणायची, "अर्ध्या गोवऱ्या मसणात गेल्या माझ्या." गोवरी आमच्या घरात कुणी पाहिलेली नव्हती.

हल्ली पुण्यात कुणी मसणात जात नाही, वैकुंठ स्मशानभूमीत, म्हणजे नुसतं वैकुंठला जातात. वैकुंठाला नव्हे हं, वैकुंठला. स्वारगेटला, डेक्कनला म्हणतो तसं. कुणी गेल्याचा फोन आला की आपण आधी दोन क्षण गप्प बसतो, मग विचारतो, "वैकुंठला किती वाजता?" आणि लगेच, जरा ओशाळून, "गाडी लावायला मिळेल ना तिकडे?"

आजीचं पहिलं मूल तान्हं असतानाच गेलं होतं. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, पुरतात. पुरुष घेऊन गेले, बायका घरीच. मी कॉलेजात असताना एकदा तिला विचारलं, कुठे पुरलं गं? म्हणाली, "तिकडे, नदीच्या अंगाला." आजोबांना जागा नक्की ठाऊक असणार. तिनं कधी विचारलं नाही, की त्यांनी सांगितलं नाही, कोण जाणे.