उपकरणांच्या तऱ्हा

बारावीच्या भौतिकशास्त्राचे सत्तर गुण लेखी परीक्षेला आणि तीस प्रात्यक्षिकाला अशी वाटणी असली, तरी फेब्रुवारी लागला की सांगलीतल्या सायन्सच्या मुलांच्या बोलण्यात त्या तिसांखेरीज दुसरा विषय नसतो. लेखीचा अभ्यास ज्याचा त्याला खोलीचे दार लावून करता येतो. प्रात्यक्षिकाचा मात्र घोळक्यानेच करावा लागतो, कारण त्यात जे ठाऊक असायला हवे ते पुस्तकात छापलेले नसते. विजेचा रोध मोजणाऱ्या मीटर ब्रिजचे सूत्र पुस्तक सांगते, पण खिडकीकडच्या टेबलावरच्या ब्रिजची तार मधोमध झिजलेली आहे, कारण आधीच्या तुकड्यांनी जॉकी, म्हणजे तारेला टेकवायचे धातूचे टोक, टेकवण्याऐवजी फरफटत नेला आहे, हे कुणीतरी कानात सांगावे लागते. रेझिस्टन्स बॉक्सचे प्लग दाबून पिळायचे, वायरची टोके पॉलिश पेपरने घासून घ्यायची, मायक्रोमीटर स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा, नाहीतर बॅकलॅश, म्हणजे स्क्रूच्या ढिलेपणाची चूक, येतो, हेही ज्ञान असेच कर्णोपकर्णी चालत आलेले.

आमच्या चौघांच्या गटात हळदीच्या अडत्याचा मुलगा होता, त्याचे लॉग टेबल तोंडपाठ असल्यासारखे चाले. आणि मिरजेहून सिटी बसने येणारी एक मैत्रीण होती, जिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात. सोनोमीटर या प्रयोगाकडे मी आजही आदराने पाहतो तो तिच्यामुळे.

एरवी हा प्रयोग फार चिवट. लाकडी पेटीवर ताणलेली तार, टोकाला टांगलेली वजने, तारेखाली दोन पाचरी आणि तारेच्या मध्यावर ठेवलेला घडी घातलेला कागदाचा चिमुकला तुकडा, म्हणजे रायडर. ट्यूनिंग फोर्क रबरी पॅडवर आपटून त्याची दांडी पेटीवर टेकवायची आणि तारेची लांबी अशी जुळवायची, की तार फोर्कच्याच वारंवारितेने थरथरून तो कागद उडून पडावा. पंख्याच्या वाऱ्यानेही तो पडतो, म्हणून ऐन उकाड्यात पंखा बंद. आम्ही तिघे घाम पुसत, श्वास रोखून, पाचर मिलिमीटर मिलिमीटरने सरकवत असू आणि कागद जागचा हलत नसे. मिरजकरणीला कागदाची गरजच नव्हती. ती फोर्क आणि तार एकदम वाजवून मान तिरकी करून ऐके आणि म्हणे, ‘‘अजून उतरलेलीच आहे, पाचर आत घे. आता हळूहळू.’’ दोन स्वर जवळ आले की त्यांच्या मिश्रणात जी लाटेसारखी चढउतार ऐकू येते, तिला भौतिकशास्त्र विस्पंद म्हणते. दर सेकंदाला जितके विस्पंद, तितका दोन वारंवारितांमधला फरक. ते मंद होत होत थांबले की ती हात उचलून थांबायला सांगे, मग आम्ही कागद ठेवत असू आणि तो टुणकन उडे. तिच्या घरच्यांना हे सूत्र कुणी शिकवले नव्हते, पण खुंटी पिळताना ते दिवसभर तेच करतात.

सेकंदाला २५६ कंपने करणाऱ्या फोर्कबद्दल मात्र तिची एक कायमची तक्रार होती. तो ‘सा’ तिला हार्मोनियमची पांढरी एकच वाटे, पण जराशी उतरलेली. तक्रार खरीच होती. प्रयोगशाळेचे फोर्क २५६, ३२०, ३८४, ५१२ अशा गणिताला सोयीच्या आकड्यांवर बेतलेले असतात, तर हल्लीच्या मापाने जुळवलेल्या हार्मोनियमची पांढरी एक २६१.६च्या आसपास असते. हिशेबाला २५६ बरा, कारण ५१२चा फोर्क घेतला की तारेची लांबी बरोबर निम्मी यावी, हे तोंडी सांगता येते.

उत्तर असे आधीच ठाऊक असणे, हीच प्रात्यक्षिकातली मोठी गंमत. लोलकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ यायला हवे हे सर्वांना माहीत, त्यामुळे सूत्र उलटे चालवून रीडिंग ‘बसवण्याची’ विद्या प्रत्येक तुकडीत मुरलेली असते. तिला सरसकट लबाडी म्हणणे मला थोडे अन्यायाचे वाटते, कारण ती नीट जमायला सूत्र पक्के समजलेले असावे लागते. पण अडत्याच्या मुलाने एकदा हिशेब मांडून दाखवला. गुरुत्वत्वरण विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवावर ९.८३; सांगली विषुववृत्तापासून सतरा अंशांच्या आत, शिवाय समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, म्हणजे इथले खरे मूल्य ९.७८च. आपण बसवतो ते सांगलीचे नव्हेच! मीटरभर लांबीच्या लोलकाच्या वीस आंदोलनांना चाळीस सेकंदांहून किंचित जास्त लागतात आणि ९.८ नि ९.७८ या दोन मूल्यांमुळे त्यात पडणारा फरक सेकंदाच्या चार शतांशांइतका. स्टॉपवॉच दाबणाऱ्या अंगठ्याची चूक त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे प्रामाणिक रीडिंग ९.७ ते ९.९ यांच्यामध्ये कुठेही हेलकावे खाणार. तोंडी परीक्षेत ‘एकच आंदोलन का मोजत नाही’ असे हमखास विचारतात, त्याचेही उत्तर त्याने घरच्या भाषेत तयार ठेवले होते : एक हळकुंड तोलायला कुणी काटा काढत नाही, पोते तोलतात. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांपुढे हे असेच बोलावे की नाही, यावर बराच खल झाला.

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठ्या उचलल्या. मला भिंगाचे नाभीय अंतर आले, अडत्याच्या मुलाला झेनर डायोड, चौथ्याला तोच खिडकीकडचा मीटर ब्रिज, आणि त्याने झिजलेली जागा टाळण्यासाठी बॉक्समधला रोध बदलून शून्यबिंदू, म्हणजे काटा शून्यावर येतो ती तारेवरची जागा, चाळीस सेंटीमीटरच्या घरात आणला. सोनोमीटर मिरजकरणीला मिळाला नाही. तो पलीकडच्या बॅचमधल्या एका मुलाकडे गेला. स्वतःच्या प्रिझमच्या टाचण्या लावता लावता ती त्याच्या तारेकडे कान देऊन अस्वस्थ होत होती, कारण तार सरळसरळ चढलेली होती आणि बोलायला मनाई होती.