तो बीप-बीप आवाज

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "असल्या बारीकसारीक गोष्टींकडे तुमचं लक्ष जातं तरी कसं?" हे मला शेजारणी विचारतात, लोकलमधल्या मैत्रिणीही विचारतात. पूर्वी माझंही लक्ष जात नसे. बारा वर्षं मी लोकलने ये-जा केली. फलाटावर एका ठरावीक जागी सतत बीप-बीप वाजत असतं. तो आवाज रोज कानावर पडायचा, पण तो कशाचा, हे कधी मनातही आलं नाही.

मग मी बी.ए. करणाऱ्या एका अंध मुलाला अभ्यासाची पुस्तकं वाचून दाखवायला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी आम्ही एकत्र स्टेशनवर आलो. तो फलाटावरून चालत नेमका त्या आवाजापाशी थांबला आणि म्हणाला, "ताई, आमचा डबा इथे येतो. तुमचा कुठे?" दिव्यांगांचा डबा कुठे थांबणार, हे कळावं म्हणून तो आवाज असतो.

नोटांचं तसंच. नवी पाचशेची नोट हातात घ्या आणि डाव्या-उजव्या कडेवरून बोट फिरवा. पाच तिरप्या उठावदार रेघा लागतात. शंभराच्या नोटेवर चार. दोनशेच्या नोटेवरही चारच, पण मध्ये दोन छोटी वर्तुळं. शिवाय शंभरावर त्रिकोण, पाचशेवर गोल. नोट कोरी असते तोवर हे सगळं बोटाला कळतं. भाजीवाल्याच्या हातातून, घामेजल्या खिशातून फिरून आली की रेघा सपाट होतात. मग उरते लांबी. नवी शंभराची नोट 142 मिलिमीटर, दोनशेची 146, पाचशेची 150. फरक चार-चार मिलिमीटरचा! त्यात जुनी शंभराची नोट अजून चालते आणि ती 157 मिलिमीटर, म्हणजे नव्या पाचशेपेक्षाही लांब. तो मुलगा जुन्या शंभराच्या नोटा दुमडून वेगळ्या खिशात ठेवतो. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं अ‍ॅप 2020 पासून आहे, फोनचा कॅमेरा नोटेवर धरला की ते रक्कम बोलून सांगतं. पण रिक्षावाला घाई करत असताना फोन काढायचा कधी? हे मला मनापासून खटकतं. चार मिलिमीटर ठरवताना कुणाची बोटं विचारात घेतली असतील?

आणि फुटपाथवरच्या त्या पिवळ्या फरशा. मला ती नक्षी वाटायची. लांब पट्ट्या असल्या तर सरळ चालत राहा, गोल ठिपके आले की थांबा, पुढे रस्ता, जिना किंवा वळण आहे. जपानमध्ये सेइची मियाके यांनी 1965 साली या फरशा शोधून काढल्या आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. आता त्या आपल्या स्टेशनांत, मेट्रोत, फुटपाथवर आहेत. पण बसवणाऱ्याला अर्थ सांगितलेला नसतो. आमच्या भागात त्या पट्ट्या थेट विजेच्या खांबावर जाऊन आदळतात. एका ठिकाणी तर ठिपके आणि पट्ट्यांची अदलाबदल झाली आहे, म्हणजे जिथे थांबायचं तिथेच फरशी 'चला' म्हणते. मी संबंधित कार्यालयात दोनदा अर्ज दिला. खांब तिथेच आहे.

तेव्हापासून सवयच लागली. पायाखाली काय आहे, ते कुणासाठी आहे, हे बघितल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. कोपऱ्यावरच्या भज्यांच्या गाडीची दोन चाकं पट्ट्यांवर असायची. गाडीवाल्या दादांना मी फरशीचा अर्थ सांगितला. ते क्षणभर खाली बघत राहिले, म्हणाले, "मला वाटलं डिझाइन आहे," आणि गाडी हातभर मागे घेतली. परवा तिथून गेले तेव्हा गाडी मागेच होती. ठिपक्यांवर मात्र कुणाची तरी स्कूटर उभी होती.