शिवणीत गेलेली अक्षरं

माझ्या प्रबंधातल्या एका तळटीपेत पानाचा आकडा दोनने चुकलाय. परीक्षकांच्या नजरेतून सुटला, माझ्या मनातून सुटत नाही.

ते पुस्तक ग्रंथालयाबाहेर न्यायला परवानगी नव्हती. मग नेहमीचंच: हव्या त्या पानांत चिठ्ठ्या खोचायच्या, काउंटरवर पैसे भरायचे, पावती घेऊन झेरॉक्सच्या रांगेत उभं राहायचं. अख्खं पुस्तक काढून देत नसत, एखादं प्रकरण चालायचं. पैसे वाचवायला मी समोरासमोरची दोन पानं एकाच कागदावर घ्यायला सांगितली. पुस्तक मोठं, कागद लहान. खालचे आकडे उडाले.

शिवाय मधोमध तो काळा पट्टा. जाड पुस्तक काचेवर सपाट बसत नाही, शिवणीपाशी कागद उचललेला राहतो. तिथून उजेड परत येत नाही, आणि जिथून उजेड येत नाही तिथे यंत्र टोनर ओततं. डाव्या पानावरच्या प्रत्येक ओळीचं शेपूट त्या काळ्यात गेलं.

"काका, जरा दाबून काढा ना."

त्यांनी पुस्तक उलटं करून पाठ दाखवली. "दाबलं की हे सुटणार. पुढचा येईल तो काय सुटी पानं गोळा करत बसेल?"

मी तोंड वाकडं करून निघालो. घरी प्रकरणाच्या पहिल्या पानापासून मोजत आकडे टाकले. मधे चित्रांचं एक पान होतं, मूळ छपाईत त्याला आकडाच नव्हता. मी मात्र त्याच्या दोन्ही बाजू मोजल्या.

हे यंत्र सुचलं तेही बऱ्याच अंशी अशाच वैतागातून. चेस्टर कार्लसन पेटंटच्या कामावर होता आणि रात्री कायदा शिकायचा. पुस्तकं परवडत नसल्याने न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून हातानं मजकूर उतरवायचा. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी त्याची पहिली प्रत उमटली, पण ऑफिसात सहज वापरता येईल असं 'झेरॉक्स ९१४' यायला १९५९ उजाडलं. ९ बाय १४ इंचांचा कागद चाले, म्हणून ९१४. एकेक पान घेतलं असतं तर माझं पुस्तक त्यावर आकड्यांसकट मावलं असतं, असं उगाच वाटून जातं.

आता मी आधी शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू काढून घेतो. प्रत हातात आली की तिथेच उभ्या उभ्या पेन्सिलीनं आकडे लिहितो, मागच्यानं रांगेत कितीही उसासे टाकले तरी.

मध्यंतरी ते पुस्तक पुन्हा मागवलं, आकडा ताडून पाहायला. पाठ अजून शाबूत आहे.